पाणी उन्हाळ्यात बघायचं

सारसबागेतल्या देवळाला पुणेकर अजूनही ‘तळ्यातला गणपती’ म्हणतात. भोवतीचं तळं कधीच बुजलं, तिथे आता हिरवळ आहे. माझ्या आजीकडे त्या तळ्याची गोष्ट होती, तिला तिच्या सासऱ्यांनी सांगितलेली. नानासाहेब पेशव्यांनी पर्वतीच्या पायथ्याशी तळं बांधायला काढलं, पण काम रेंगाळलं. एके दिवशी पेशवे पाहणीला आले, हत्तीवरून उतरले आणि मुकाट्याने दगड वाहायला लागले. मग बरोबरची सरदारमंडळी उभी कशी राहणार? बांध उभा राहिला.

आजीला ही गोष्ट पेशव्यांसाठी आवडायची नाही, ओढ्यासाठी आवडायची. कारण त्या बांधाने आंबील ओढा वळला. जुन्या पुण्याच्या पूर्वेला नागझरी, पश्चिमेला आंबील ओढा आणि मधे कसबा. शहर पसरलं तसा ओढा आड आला. मग कात्रजच्या डोंगरातून येणारं पाणी पर्वतीपाशी अडवून दत्तवाडीच्या अंगाने मुठा नदीत सोडलं. वर कात्रजला तलाव बांधून, दगडी नळाने शनिवारवाड्यापर्यंत आणि शहरातल्या हौदांपर्यंत पाणी आणलं तेही नानासाहेबांच्याच काळात. म्हणजे ज्याला आपण आज नाला म्हणून नाक दाबतो, त्याची वाट अडीचशे वर्षांपूर्वी माणसांनी विचार करून ठरवलेली आहे. माणसाने दिलेली वाट माणसानेच राखावी लागते.

आजीच्या सासऱ्यांचा ओढ्याकाठी भाजीचा मळा होता. अक्षयतृतीया झाली की आजूबाजूचे मळेवाले फावडी-घमेली घेऊन कोरड्या पात्रात उतरायचे. वाढलेली झुडपं तोडायची, अडकलेले ओंडके ओढून काढायचे, वळणावर साचलेला गाळ उपसायचा. गाळ पुन्हा काठावर टाकायचा नाही, हा नेम. तो बैलगाडीत भरून मळ्यात पसरायचा, त्यावर मेथी-कोथिंबीर जोमाने यायची. गाळाला किंमत होती म्हणून पात्र मोकळं राहायचं. सासरे म्हणायचे, “पाणी उन्हाळ्यात बघायचं. पावसाळ्यात बघून काय उपयोग?”

12 जुलै 1961 ला पानशेत धरण फुटलं तेव्हा आजी नवी नवरी होती. मुठेचं पाणी ओढ्याच्या तोंडातून उलटं वर चढताना तिने पाहिलं. ती पुन्हापुन्हा सांगायची, “ओढा दोन्हीकडून भरतो गं. डोंगराकडून आणि नदीकडून.” नदी फुगली की ओढ्याचं पाणी बाहेर पडत नाही, ते आतच उंच होत जातं. त्यासाठीच पात्राला रुंदी हवी, तुंबलेलं पाणी क्षणभर टेकायला जागा हवी.

ती जागा आम्ही सगळ्यांनी मिळून खाल्ली. मळे गेले, त्यावर सोसायट्या आल्या. आमचंही घर त्यातलंच. कुणी सीमाभिंत दोन हात पुढे सरकवली, कुणी राडारोडा रात्रीत ओतला. वर डोंगर कापले गेले, माती झाकली गेली, म्हणून पाणी मुरायचं थांबलं आणि धावत सुटलं.

25 सप्टेंबर 2019 च्या रात्री आजीनेच पहिल्यांदा आवाज ओळखला. दिवे गेलेले. “गाडी नाही ती, ओढा आलाय. वर चला.” आम्ही तिला खुर्चीत बसवून जिन्याने वर नेलं. खाली गाड्या एकमेकींवर आपटत वाहत होत्या. त्या रात्री अरण्येश्वरच्या टांगेवाला कॉलनीत भिंत कोसळून माणसं गेली. पुणे परिसरात वीसहून अधिक जीव गेले. सकाळी आमच्या स्वयंपाकघरात गुडघाभर गाळ होता. आजीने तो हातात घेऊन पाहिला. त्यात माती थोडी होती. प्लास्टिक, काच आणि फरशीचे तुकडेच जास्त. ती म्हणाली, “यात मेथी यायची नाही.”

आता दर उन्हाळ्यात पोकलेन येतं, गाळ निघतो. पण अनेकदा तो काठावरच ढीग करून ठेवलेला मी पाहिला आहे. जूनची पहिली सर तो जिथला तिथे नेऊन ठेवते, आणि काम कागदावर पूर्ण असतं. मला याचा राग येतो. नकाशावर निळी पूररेषा असते 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल असते 100 वर्षांतल्या पुराची. पण पुलाखालच्या मोरीत एक गादी अडकली, तर लहान पावसातही पाणी काठ सोडतं. नकाशावरची रेषा तेव्हा काय अडवणार?

आजी जाऊन तीन वर्षं झाली. मी दर मे महिन्यात एकदा ओढ्याकाठाने चालते, मोऱ्यांमध्ये वाकून बघते, फोटो काढते आणि वॉर्डाच्या कार्यालयात अर्ज देते. गाळ उचलून नेईपर्यंत पुन्हापुन्हा जाते. तुमच्या घराजवळही एखादा ओढा, नाला, निदान रस्त्याखालची मोरी असेलच. पहिला पाऊस पडायच्या आत एकदा जाऊन बघा.