जमिनीखालचा सांधा

इतिहासाच्या पुस्तकात खनिज तेल येते ते कंपन्यांच्या, राजांच्या आणि युद्धांच्या नावाने. रॉकफेलर येतो, इराणचा मोसाद्देक येतो, 1973 सालच्या भाववाढीचा तडाखा येतो. ते तेल विहिरीपासून शहरापर्यंत वाहून नेणारी नळवाहिनी मात्र नकाशावरची एक तुटक रेषा होऊन राहते. त्या रेषेत दर दहा-बारा मीटरांवर एक सांधा आहे आणि तो सांधा कोणीतरी गुडघ्यांवर बसून, पाठीवर निजून, डोळ्यांपुढे काळी काच धरून भरलेला आहे, ही गोष्ट पुस्तकात नसते. हे लिहिण्याचे कारण एवढेच.

महाराष्ट्र शासनाच्या परिभाषेत या माणसाला ‘संधाता’ म्हणतात. शब्द सुरेख आहे, पण आयटीआयच्या प्रमाणपत्रापलीकडे तो कोणाच्या तोंडी मी ऐकलेला नाही. आमच्या उद्यमबागेतल्या कारखान्यांत तो वेल्डरच आहे, म्हणून येथेही तोच शब्द वापरतो.

नळातून तेल नेण्याची कल्पना यशस्वी झाली ती 1865 साली, अमेरिकेतील पेन्सिल्व्हेनिया राज्यात. सॅम्युएल व्हॅन सिकेल नावाच्या व्यापाऱ्याने पिटहोल या तेलनगरीपासून रेल्वेपर्यंत सुमारे आठ किलोमीटर अंतरावर दोन इंची लोखंडी नळ टाकला. तोवर तेलाची पिंपे घोड्यांच्या गाड्यांतून जात आणि गाडीवान म्हणतील तो दर. नळ सुरू होताच त्यांच्या पोटावर पाय आला. त्यांनी रात्री नळ उकरून सांधे उखडले. अखेर बंदूकधारी पहारे बसवावे लागले. पुस्तकांत हा प्रसंग ‘प्रगतीला झालेला विरोध’ म्हणून येतो. मला त्यात घोड्याच्या वैरणीचे कर्ज डोक्यावर असलेला माणूस दिसतो. दुसरेही असे की, त्या गाडीवानांनी मारा केला तो नेमका सांध्यावर. नळवाहिनीचा प्राण कोठे आहे हे त्यांना कोणी शिकवायला नको होते.

ते सांधे आट्यांचे, म्हणजे एक नळ दुसऱ्यात पिळून बसवायचा. पुढे अर्धशतकभर हेच चालले. लांब दांड्यांचे चिमटे घेऊन माणसांच्या टोळ्या एका तालात नळ पिळत आणि ताल धरण्यासाठी एक जण हातोडीने ठोके देई. 1920 च्या दशकात वायूच्या ज्योतीने आणि मग विजेच्या ठिणगीने नळ जोडण्याची रीत आली व या टोळ्या संपल्या. गाडीवानाला नळाने घालवले, पिळणाऱ्याला वेल्डरने.

वेल्डरचे महत्त्व सरकारला पटले ते दुसऱ्या महायुद्धात. 1942 च्या आरंभी जर्मन पाणबुड्या अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर तेलवाहू जहाजे एकामागून एक बुडवू लागल्या. टेक्सासचे तेल समुद्रमार्गे न्यूयॉर्ककडे जाणे धोक्यात आले. तेव्हा ऑगस्ट 1942 मध्ये ‘बिग इंच’ या नळवाहिनीचे काम सुरू झाले. नळाचा व्यास 24 इंच, लांबी दोन हजार किलोमीटरांच्या घरात. आणि वर्षभरात, म्हणजे ऑगस्ट 1943 मध्ये, तेल पूर्वेला पोहोचलेसुद्धा. या वेगाचे श्रेय सेक्रेटरी इक्स यांच्या कर्तबगारीला दिले जाते. ते योग्यच आहे. परंतु नद्या, दलदली आणि डोंगर ओलांडताना रोज किती नळ पुढे जाणार, हे ठरत होते पहिला थर भरणाऱ्या जोडीच्या हातावर.

हा ‘पहिला थर’ काय प्रकार आहे, ते मला आमच्या शाळेच्या एका माजी विद्यार्थ्याने समजावून दिले. दहावीनंतर आयटीआय करून तो आधी गुजरातेत आणि मग आखातात नळवाहिन्यांवर राबला. सुट्टीवर आला की घरी येतो. त्याला विचारले, “अरे, दोन नळ जोडायचे, त्यात एवढे काय?” तो हसला. म्हणाला, “बघा की सर, टेबलावरचं वेल्डिंग कुणीबी करतंय. इथं नळ फिरत नाही, आपण नळाभोवती फिरायचं.”

त्याच्या सांगण्याचा सारांश असा. दोन नळांची तोंडे तिरकी घासून समोरासमोर धरतात आणि मध्ये बारीक फट ठेवतात. घड्याळाच्या तबकडीप्रमाणे बारा वाजल्याच्या ठिकाणी ठिणगी पाडायची आणि एकाने उजवीकडून, दुसऱ्याने डावीकडून उतरत सहापर्यंत यायचे. ठिणगीच्या पुढे सुईच्या नेढ्यासारखे एक भोक उघडत जाते. सारे लक्ष त्या भोकावर. ते मोठे झाले तर वितळलेले लोखंड नळाच्या आत गळते. मिटले तर आतली कड जोडली जात नाही, बाहेरून मात्र काम सुबक दिसते. बारापासून तीनपर्यंत हात सुखाने चालतो, तीनला घाई होते आणि सहाला वेल्डर जमिनीवर पाठ टेकून पडलेला असतो, वरून ठिणग्या मानेत आणि कानात उतरत असतात. तेव्हा हात हलवायचा नाही. “कान भाजला म्हणून हात हलला, तर जोड गेला सर.” या थरामागून लगेच दुसरा, गरम असतानाच, मग भराव आणि शेवटी वरचा देखणा थर. प्रत्येक थरानंतर घासून मळी काढायची. रॉडवर जे लेपन असते ते लाकडाच्या लगद्याच्या जातीचे. ते जळून जो वायू होतो तो वितळलेल्या धातूला हवेपासून राखतो, पण तोच धूर दिवसभर नाकात जातो. डोळ्यांना ठिणगीची झळ लागली की रात्री वाळू भरल्यासारखे होते. मग बटाट्याच्या चकत्या ठेवून पडून राहायचे.

नोकरी लागण्यापूर्वी परीक्षा असते, तीही मंत्र्याच्या चिठ्ठीने पास होता येत नाही अशी. नळ पंचेचाळीस अंशांत तिरपा बांधून जोड करायला लावतात, मग त्याच्या पट्ट्या कापून वाकवतात. भेग पडली की माणूस घरी. प्रत्यक्ष कामावर दर सांध्याशेजारी वेल्डरचा क्रमांक लिहितात, नाव नाही. नंतर त्या सांध्याचे क्ष-किरण छायाचित्र निघते. आत पोकळी राहिली असेल तर काळा ठिपका, मळी अडकली असेल तर काळी रेघ. मग घासून पुन्हा भरायचे. असे वारंवार झाले तर क्रमांक रद्द. छायाचित्र साफ आले की नळावर लेप चढतो, नळ चरात उतरतो, माती पडते. यापुढे तो सांधा चांगला होता याला साक्षीदार एकच, ते छायाचित्र.

आम्हा इतिहासवाल्यांच्या भाषेत सांगायचे तर हे अस्सल साधन. आणि साधन म्हटले की बनावटीचा प्रश्न येतोच. अलास्कात तो आला.

अलास्काची नळवाहिनी उत्तरेच्या प्रुडो बेपासून दक्षिणेच्या व्हाल्डीझ बंदरापर्यंत 1,287 किलोमीटर, व्यास 48 इंच. तीन पर्वतरांगा, शेकडो नद्या-ओढे आणि बारमाही गोठलेली जमीन. गरम तेलाने ती जमीन वितळेल म्हणून निम्म्याहून अधिक नळ खांबांवर उचलून धरलेला आहे. मार्च 1975 मध्ये पहिला नळ टाकला गेला. भरात असताना अठ्ठावीस हजारांवर माणसे कामावर होती. दिवसाला बारा तास, आठवड्याचे सातही दिवस. प्रॉस्पेक्ट क्रीक येथे या कामाची एक छावणी होती. त्याच जागी जानेवारी 1971 मध्ये उणे 62 अंश सेल्सियस तापमान नोंदले गेले होते. अशा मुलखात पोलाद काचेसारखे ठिसूळ वागते. सांधा आधी तापवावा लागतो आणि तंबूच्या आडोशात भरावा लागतो. सांध्यांची एकूण संख्या एक लाखाहून अधिक. बांधकामात तीसहून अधिक माणसे मेली.

सप्टेंबर 1975 मध्ये छायाचित्रे काढणाऱ्या एका कंत्राटी संस्थेतून काढून टाकलेल्या माणसाने न्यायालयात दावा केला: खोट्या छायाचित्रांत सामील व्हायला नकार दिला म्हणून माझी नोकरी गेली. तपास सुरू झाला. 1975 च्या हंगामातले सुमारे 30,800 सांधे कागदोपत्री तपासले, त्यातले 3,955 संशयास्पद निघाले. कोठे छायाचित्रच नाही, कोठे एकाच चांगल्या सांध्याचे छायाचित्र अनेक क्रमांकांखाली लावलेले, तर कोठे सांधाच सदोष. प्रकरण अमेरिकन संसदेत गेले; राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांनी पाहणीसाठी पथक धाडले. 1976 चा उन्हाळा गाडलेले नळ उकरण्यात गेला. दुरुस्तीचा खर्च साडेपाच कोटी डॉलरांच्या घरात. कोयुकुक नदीच्या पात्राखालचे तीन सांधे तेवढे सरकारने सूट देऊन तसेच राहू दिले, कारण ते उकरणे हाच मोठा उपद्व्याप ठरला असता.

या प्रकरणात मला खटकते ते वेगळेच. संशयास्पद ठरलेल्या सांध्यांत कितीतरी सांधे निर्दोष असणार. कागद खोटा होता म्हणून ते उकरावे लागले. भर थंडीत पाठीवर पडून एखाद्याने चोख काम केले आणि गरम खोलीत बसलेल्या कोणीतरी त्याच्या क्रमांकापुढे भलतेच छायाचित्र चिकटवले. वर्तमानपत्री मथळ्यांत मात्र दोन्ही गोष्टी एकच झाल्या: ‘सदोष वेल्डिंग’. अस्सल घराण्याच्या दप्तरात एक बनावट सनद सापडली की साऱ्या दप्तराचा वास येऊ लागतो, तसे हे झाले.

वेल्डरांना संत ठरवण्याची गरज नाही. अलास्कातले बहुतेक वेल्डर ओक्लाहोमातील टुल्सा शहराच्या 798 क्रमांकाच्या कामगार संघटनेचे. उंच टाचांचे बूट, दक्षिणी बोली, भरमसाट पगार आणि त्याहून भरमसाट ताठा, अशी त्यांची कीर्ती. स्थानिकांशी त्यांचे खटके उडत. आमच्या भूमीतले काम आधी आम्हाला, या मागणीसाठी अलास्काने 1972 मध्ये कायदाही केला होता. तो सर्वोच्च न्यायालयाने एकमताने रद्द ठरवला 1978 साली, म्हणजे नळवाहिनी पुरी होऊन वर्ष उलटल्यावर. न्याय मिळेपर्यंत कामच संपून जाते, हे सीमाभागातल्या वाचकाला समजावून सांगायला नको. अलास्कातल्या माणसाला राग होता तो मात्र बाहेरून आलेल्या टोपीचा; टोपीखालचा हात आणता आला असता तर तो त्याला हवाच होता.

तेल 20 जून 1977 रोजी सोडले ते 28 जुलैला व्हाल्डीझला पोहोचले.

आपल्याकडे हा व्यवसाय मोठ्या प्रमाणावर आला तो हाजिरा–विजयपूर–जगदीशपूर वायुवाहिनीबरोबर, 1980 च्या दशकाच्या उत्तरार्धात. सुरतेजवळून निघून जुन्या ग्वाल्हेर संस्थानातल्या गुणे भागातून ती उत्तर प्रदेशात जाते, तेव्हा वडोदे आणि ग्वाल्हेरच्या वाचकांच्या अंगणातलीच ती म्हणायची. आमच्या बेळगाव जिल्ह्यातून गेली ती दाभोळ–बंगळूर वाहिनी, सुमारे हजार किलोमीटरांची, 2013 साली सुरू झालेली. गोकाकहून तिचा एक फाटा गोव्याकडे वळतो. शेतांच्या बांधावर तिचे खुणेचे खांब दिसतात. भूसंपादनाच्या आणि भरपाईच्या गोष्टी गावोगावी ऐकायला मिळतात. सांधे कोणी भरले ते कोणी विचारत नाही. भरणारे तोवर पुढच्या जिल्ह्यात, नाहीतर पुढच्या देशात गेलेले असतात.

आता सपाट मुलखात नळाभोवती पट्टा बांधून त्यावर फिरणारी यंत्रे सांधे भरतात. अमेरिकेत ती 1960 च्या दशकाच्या अखेरीसच आली होती. तरी नदी ओलांडताना, रस्त्याखाली, आणि दोन बाजूंनी आलेल्या वाहिन्या जेथे मिळतात तेथे माणूसच लागतो. त्या शेवटच्या जोडाची कित्येकदा पाण्याच्या दाबाने परीक्षा घेता येत नाही, कारण दोन्हीकडची वाहिनी आधीच तपासून बंद झालेली असते. म्हणून तो सर्वांत जाणत्या वेल्डरकडे देतात आणि त्याची तपासणी दुप्पट काटेकोर करतात. आमच्या विद्यार्थ्याने असे अकरा जोड केले आहेत. कोठे कोठे, ते त्याला तोंडपाठ आहे: कोणत्या नदीच्या कोणत्या काठावर, पाऊस होता की वारा, मदतनीस कोण होता. मी त्याला एका वहीत हे सारे लिहून काढायला सांगितले आहे. पहिली चार पाने झाली आहेत. अक्षर शाळेत होते तसेच आहे, पण तारखा बिनचूक आहेत.