डोळ्यांनी पाहिलेले

महाळुंगे पडवळ, जुन्नर हा मुलूख निजामशाहीत असताना बुऱ्हाण निजामशहाला औषध देणारा एक पोर्तुगीज वैद्य होता : गार्सिया द ऑर्ता. स्पेनमधील सालामांका व अल्काला विद्यापीठांत शिकून तो १५३४ मध्ये गोव्यात आला. तेथेच १५६३ मध्ये छापलेला त्याचा वनौषधींवरील ग्रंथ संवादरूप आहे. त्यातला काल्पनिक स्पॅनिश विद्वान रुआनो ग्रीक ग्रंथांचे दाखले देतो. ऑर्ता स्वतः पाहिलेले आणि येथील वैद्य-हकिमांकडून शिकलेले सांगतो. त्याच्या आधारे क्रिस्तोबाल अकोस्ताने १५७८ मध्ये स्पॅनिश ग्रंथ सचित्र छापला. ऑर्ताला मात्र छुपा ज्यू ठरवून धर्मन्यायालयाने १५८० मध्ये त्याची हाडे उकरून जाळली. पुस्तकातले विधान प्रत्यक्ष वनस्पतीशी ताडून पाहणारा विद्यार्थी ऑर्ताच्याच वाटेने चालत असतो.