कठीण पोलादी रुळांचे कर्तन

यंत्रातील सरकत्या भागाला सरळ मार्ग देणारा, उष्णतोपचाराने कठीण केलेला पोलादी रूळ (लिनिअर रेल) हव्या त्या लांबीत कापण्याच्या क्रियेला कठीण पोलादी रुळांचे कर्तन म्हणतात. घरगुती कार्यशाळेत सीएनसी राउटर किंवा त्रिमितीय मुद्रक बांधताना तिची गरज पडते.

हा रूळ आगगाडीच्या रुळापेक्षा बराच कठीण असतो. रत्नागिरीवरून कोकण रेल्वे जात असल्याने तेथे 'रूळ' म्हटले की आगगाडीचाच रूळ डोळ्यांसमोर येतो. भारतीय रेल्वेच्या ८८० दर्जाच्या रुळाची कठिनता सुमारे २६० ब्रिनेल, म्हणजे रॉकवेल 'सी' मापावर साधारण २५ असते. तो हॅक्सॉने सावकाश का होईना, कापला जातो. अशा रुळाचा तुकडा ऐरण म्हणूनही वापरतात, मात्र रेल्वेची मालमत्ता बेकायदा बाळगणे १९६६ च्या कायद्यानुसार गुन्हा आहे. लिनिअर रेलची कठिनता ५८ ते ६२ रॉकवेल 'सी' असते. त्यावर हॅक्सॉचे पाते नुसते घसरते आणि दात बोथट होतात.

== कापण्याची पद्धत ==
घरगुती कामासाठी अँगल ग्राइंडरवर १ ते १.६ मिमी जाडीची ॲल्युमिनियम ऑक्साइडची चकती वापरतात. १५ व २० मापांच्या रुळांत बोल्टची छिद्रे बहुधा ६० मिमी अंतरावर असतात. काप दोन छिद्रांच्या मधोमध घेतल्यास दोन्ही तुकडे उपयोगी राहतात. गोळ्यांची सरकपेटी आधी काढून ठेवावी लागते, कारण चकतीची धूळ आत गेल्यास गोळ्या व त्यांची धाव दोन्ही खरवडली जातात.

== उष्णतेचा परिणाम ==
कापण्यापेक्षा कठिनता टिकवणे अवघड असते. असे पोलाद कमी तापमानाला पाणी उतरवलेले असल्याने सुमारे २०० अंश सेल्सिअसच्या वर ते मऊ पडू लागते. टोकाला आधी गवती पिवळा, मग तपकिरी आणि ३०० अंशांच्या सुमारास निळा रंग येतो. तो घासून काढता येतो. गेलेली कठिनता मात्र परत येत नाही. म्हणून हलक्या दाबाने थोडेथोडे कापून मधूनमधून रूळ थंड होऊ देतात. विजेच्या हातयंत्राजवळ पाणी ओतणे धोक्याचे असते. गॅस कटरने टोक पूर्ण बिघडते. अचूक कामासाठी यंत्रशाळेतून वायरकट करून घेणे सर्वांत चांगले, कारण त्यात उष्णतेचा परिणाम अगदी पातळ थरापुरता राहतो.

== सुरक्षा व देखभाल ==
१०० मिमीचे ग्राइंडर मिनिटाला सुमारे ११,००० फेरे घेते; चकतीवर छापलेली मर्यादा त्याहून जास्त असावी लागते. आडव्या दाबाने चकती फुटते, म्हणून संरक्षक कवच आणि चेहऱ्यावर पारदर्शक ढाल दोन्ही आवश्यक असतात. कापला जाणारा तुकडा मोकळा पडेल असा आधार दिल्यास चकती फटीत अडकत नाही.

कापल्यावर टोकाच्या धारदार कडा दगडाने मोडतात, नाहीतर सरकपेटीचे रबरी सील फाटते. रत्नागिरीसारख्या किनारी, दमट हवेत उघडे पोलाद लवकर गंजते, विशेषतः पावसाळ्यात. त्यामुळे कापलेल्या टोकाला लगेच तेल लावतात.