यूजनेटवरील स्वयंचलित स्वाक्षरी : चार ओळींच्या मर्यादेचा इतिहास

यूजनेट या संगणकीय चर्चाव्यवस्थेत प्रत्येक लेखाच्या शेवटी आपोआप जोडल्या जाणाऱ्या स्वाक्षरीस इतिहासाचे साधन मानावे काय, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. तथापि लेखनाचे श्रम यंत्राने उचलले की त्याचा भार कोणावर पडतो, हा प्रश्न या काही ओळींत फार स्पष्टपणे दिसतो.

ड्यूक विद्यापीठातील टॉम ट्रस्कॉट व जिम एलिस या विद्यार्थ्यांनी १९७९ मध्ये यूजनेटची कल्पना मांडली. उत्तर कॅरोलिना विद्यापीठातील स्टीव्ह बेलोविन यांनी तिची पहिली आज्ञावली लिहिली. युनिक्स संगणकांवर चालणाऱ्या या व्यवस्थेत स्वाक्षरीची सोय अगदी साधी होती. आपल्या खात्यात ‘.सिग्नेचर’ या नावाची फाईल एकदा तयार करून तीत नाव, संस्था व पत्ता लिहावयाचा. पुढे प्रत्येक लेख पाठविताना आज्ञावली तो मजकूर स्वतःच शेवटी जोडीत असे. नावाच्या आरंभीच्या टिंबामुळे ही फाईल नेहमीच्या यादीत दिसतही नसे. लिहिणारा तिला विसरून जाई. वाचणाऱ्यापुढे मात्र ती दर वेळी उभी राही.

वादाचे मूळ येथेच आहे. आरंभीच्या काळात लेख दूरध्वनीच्या तारेवरून एका संगणकाकडून दुसऱ्याकडे जात व प्रत्येक केंद्र आपली प्रत ठेवी. दूरध्वनीचे देयक आणि साठवणुकीची जागा यांचा खर्च लेखकावर नव्हे, तर यजमान संस्थांवर पडे. म्हणून चार ओळींचा दंडक रूढ झाला. सॅली हॅम्ब्रिज यांच्या १९९५ मधील ‘आरएफसी १८५५’ या शिष्टाचारविषयक दस्तऐवजात तो नमूद असून, अनेकांना जोडणीसाठी मिनिटागणिक पैसे मोजावे लागतात, हे कारणही तेथे दिले आहे. अक्षरांनी तलवारी व नकाशे रेखाटणाऱ्या लांबलचक स्वाक्षऱ्यांची थट्टा करण्यासाठी ‘ऑल्ट.फॅन.वॉरलॉर्ड’ हा स्वतंत्र गटच होता!

मजकूर कोठे संपतो व स्वाक्षरी कोठे सुरू होते, हे यंत्रास कळावे म्हणून दोन आडव्या रेघा आणि त्यांपुढे एक रिकामी जागा, एवढीच ओळ मध्ये घालण्याचा संकेत होता. मराठेशाहीतील पत्रांवरील मोर्तबाची येथे आठवण होते. तेही लेखनाची सीमाच दाखवी. ही खूण ओळखून चांगल्या आज्ञावली उत्तर देताना स्वाक्षरी गाळीत. २००४ च्या ‘आरएफसी ३६७६’ मध्ये हा जुना संकेत लेखी नोंदला गेला.

मर्यादेचा सर्वांत अनपेक्षित उपयोग १९९५ मध्ये झाला. त्या वेळी अमेरिकी कायदा प्रभावी सांकेतिकीकरणास युद्धसामग्री मानी व त्याच्या निर्यातीवर निर्बंध घाली. ब्रिटिश संशोधक अ‍ॅडम बॅक यांनी आरएसए ही सांकेतिकीकरणाची पद्धत पर्ल भाषेच्या अवघ्या काही ओळींत बसविली आणि ती निषेध म्हणून स्वाक्षरीत वापरली जाऊ लागली. नावपत्त्याच्या जागी कायद्याने रोखलेली ‘सामग्री’ प्रत्येक लेखासोबत सीमा ओलांडू लागली. काटकसरीसाठी आखलेली जागाच आव्हानाची जागा ठरली.

‘ही मते माझी, संस्थेची नव्हेत’ असा खुलासाही याच ओळींत येई; विद्यापीठाच्या वा कंपनीच्या यंत्रावरून लिहिणाऱ्यास त्याची गरज वाटे. डेजा न्यूजने १९९५ पासून जमविलेला संग्रह २००१ मध्ये गूगलने घेतला. २०२४ मध्ये गूगलने यूजनेटवरील नवे लेख स्वीकारणे थांबविले, जुने मात्र वाचनासाठी ठेवले. फाईल बदलली तरी आधी पाठविलेला लेख बदलत नसे. त्यामुळे एकाच व्यक्तीच्या लेखांचे शेवट तारखेनुसार लावले, तर तिच्या संस्था, पदे आणि खुलाशाची बदलती भाषा क्रमाने हाती लागते.