मोटारगाडीची झिलई, काळ्या एकस्तरी रंगलेपाची
मोटारगाडीच्या ज्या रंगलेपात रंगद्रव्य आणि चकाकी देणारे बंधक द्रव्य एकाच थरात असतात, त्याला एकस्तरी रंगलेप म्हणतात. त्यावर स्वतंत्र पारदर्शक थर नसल्यामुळे झिलई करताना प्रत्यक्ष रंगच झिजतो व काळ्या गाडीवर वापरलेले फडके काळे होते. अशा लेपाची चकाकी त्याच्या जाडीच्या मोबदल्यात मिळते. त्याच्या इतिहासातून ही गोष्ट विशेष स्पष्ट होते.

इतिहास : सुरुवातीच्या मोटारींना घोडागाड्यांप्रमाणेच कुंचल्याने तैलरंग व व्हार्निश यांचे अनेक हात देत. मधले हात वाळल्यावर पमीस दगडाच्या पुडीने व पाण्याने घासून सपाट करीत. शेवटच्या व्हार्निशला चकाकी आपोआप येई; मात्र या कामास कित्येक आठवडे लागत.

अमेरिकेतील फोर्ड कंपनीची मॉडेल टी ही गाडी १९०८ मध्ये बाजारात आली. १९१४ ते १९२५ या काळात ती फक्त काळ्या रंगात मिळे. काळा रंग सर्वांत लवकर वाळतो, हे याचे कारण सांगण्याची प्रथा आहे. परंतु ते पुरेसे नाही. मडगार्डासारखे धातूचे सुटे भाग अस्फाल्टयुक्त काळ्या रोगणाने लेपून भट्टीत भाजीत. लाकडी सांगाड्याची पेटी मात्र तीव्र उष्णतेत ठेवता येत नसे. तिला हवेत वाळणारे रोगण देत. अस्फाल्टयुक्त रोगण स्वस्त व टिकाऊ असे. पण मूळचेच गडद असल्याने त्यातून फिकट छटा मिळणे शक्य नव्हते.

१९२३ मध्ये ड्यू पाँट व जनरल मोटर्स या कंपन्यांच्या प्रयत्नांतून ‘ड्यूको’ हे नायट्रोसेल्युलोजयुक्त लॅकर ओकलंड मोटारीवर प्रथम वापरात आले. ते फवाऱ्याने देता येई व आठवड्यांचे काम थोडक्या वेळात उरके. मात्र वाळल्यावर ते निस्तेज दिसे. त्यामुळे घासणे व झिलई करणे हे दुरुस्तीपुरते न राहता उत्पादनाचेच एक अंग बनले. भारतात ‘ड्यूको’ हे व्यापारनाम पुढे फवाऱ्याच्या रंगकामाचे जणू सामान्यनामच झाले. १९३० नंतर अल्किड एनॅमले प्रचारात आली. ती भट्टीत भाजल्यावर झिलईविनाही चमकत. १९५० नंतर ॲक्रिलिक लॅकरे आली. १९७० नंतरच्या दोन दशकांत रंगाच्या थरावर पारदर्शक थर देण्याची पद्धत पसरली व एकस्तरी लेप मागे पडला.

झिलईची क्रिया : सूर्यप्रकाशातील जंबुपार किरण व हवेतील ऑक्सिजन यांमुळे बंधक द्रव्याचा वरचा भाग विघटित होऊन लेप निस्तेज होतो. काळा पृष्ठभाग बहुतेक प्रकाश शोषून घेतो. त्यामुळे ओरखड्यांवरून विखुरलेला थोडा प्रकाशही करड्या जाळीसारखा उठून दिसतो. पांढऱ्या गाडीवर तेच ओरखडे सहसा लक्षात येत नाहीत. यंत्राला लावलेली लोकरीची वा फोमची गादी सूक्ष्म अपघर्षक (घासून झिजविणाऱ्या) लेपासह फिरवून वरचा भाग काढतात. एकाच अक्षाभोवती फिरणारे यंत्र जलद काम करते. पण घर्षणाची उष्णता एके ठिकाणी साठून लेप करपण्याचा संभव असतो. अक्षाभोवती फिरता फिरता लहान वर्तुळात सरकणारे यंत्र मंद, परंतु अधिक सुरक्षित असते. कडा व उंचवटे यांवर लेप पातळ असल्याने ते भाग चिकटपट्टीने झाकतात किंवा हातानेच चमकवितात. अखेरीस मेणाचा हात देतात. मेण झिजलेला रंग भरून काढीत नाही, केवळ संरक्षण देते.

जतन : जुन्या गाडीवरील मूळ लेप हा त्या काळच्या द्रव्यांचा व कारागिरीचा पुरावा असतो. प्रत्येक झिलईने तो कमी होतो व अस्तर उघडे पडल्यावर पुन्हा रंगविण्यावाचून उपाय उरत नाही. नव्या रंगाने गाडी देखणी होते. मात्र पुरावा नष्ट होतो. म्हणून संग्राह्य गाडीच्या लेपाची जाडी आधी मोजणे, सर्वांत सौम्य अपघर्षकाने आरंभ करणे आणि काही खोल ओरखडे तसेच राहू देणे इष्ट ठरते.