खानदेशातील प्रागैतिहासिक वसाहती

सातपुड्याच्या पायथ्याचा यावल परिसर व त्याच्या दक्षिणेचे तापी-गिरणा खोरे मिळून बनलेल्या भूप्रदेशातील प्राचीन मानवी वस्तीची स्थळे. काळी जमीन व बारमाही पाणी यांमुळे वस्ती मुख्यतः नदीकाठी वाढली.

सर्वांत मोलाचे स्थळ चाळीसगाव तालुक्यातील पाटणे. एस. ए. साळी यांच्या उत्खननात येथे उत्तर पुराश्मयुगीन दगडी हत्यारांबरोबर शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे मणी आणि रेषा कोरलेला तुकडा मिळाला. काळ सुमारे २५,००० वर्षांपूर्वीचा. शहामृग भारतातून केव्हाच नाहीसा झाला, म्हणून हा पुरावा विलक्षण ठरतो. पोट भरण्यापलीकडे माणसाला सजण्याची ओढ होती, हे तो थेट दाखवतो.

ताम्रपाषाणयुगात शेतकऱ्यांची गावे वसली. तापीकाठच्या सावळदा गावावरून इ. स. पू. २००० च्या आसपासच्या संस्कृतीला नाव मिळाले; साक्री तालुक्यातील कवठे तिचेच स्थळ. तापी-गोमाई संगमावरील प्रकाशे (आता नंदुरबार जिल्हा) येथे बी. के. थापर यांनी १९५५ मध्ये उत्खनन केले. तेथे ताम्रपाषाणयुगापासून लोहयुग व ऐतिहासिक काळापर्यंतचे थर एकावर एक आढळले. गिरणाकाठच्या बहाळचे उत्खनन म. न. देशपांडे यांनी केले. समोरच्या तीरावर टेकवाडे येथे ताम्रपाषाणयुगातील दफने सापडली.