सी शार्पमधून नेटिव्ह कोड: जोडणी आणि दोषशोधन

साखर कारखान्याच्या फाटकाशी असलेल्या वजनकाट्यावर उसाची गाडी उभी राहते, पडद्यावर आकडा उमटतो आणि त्या आकड्यावर शेतकऱ्याची पावती ठरते. काट्याशी संवाद साधणारी, निर्मात्याने यंत्रासोबत दिलेली आज्ञावली बहुधा सी किंवा सी प्लस प्लस भाषेत लिहिलेली व डीएलएल फाइलच्या स्वरूपात असते. पावती छापणारी व हिशेब ठेवणारी आज्ञावली मात्र सी शार्पसारख्या भाषेत असू शकते. या दोहोंचा सांधा कसा जुळतो आणि तो निखळला तर दोष कसा शोधावा, हा या लेखाचा विषय आहे. काट्याचे उदाहरण कल्पिलेले आहे. परंतु प्रयोगशाळेतील उपकरणे, बोटांचे ठसे घेणारी यंत्रे, पासबुक छापणारे प्रिंटर अशा अनेक ठिकाणी हाच सांधा असतो.

मायक्रोसॉफ्टने २००२ साली डॉट नेट फ्रेमवर्कची पहिली आवृत्ती प्रसिद्ध केली. तिच्यातील भाषांना ‘मॅनेज्ड’ म्हटले जाते, कारण स्मृतीचा कारभार प्रोग्रामरकडे नसून रनटाइमकडे असतो. निरुपयोगी झालेल्या वस्तू गार्बेज कलेक्टर उचलून नेतो. इतकेच नव्हे, तर उरलेल्या वस्तू सरकवून एकत्रही आणतो. सी भाषेतील नेटिव्ह कोडला यातील काहीच ठाऊक नसते. त्याच्या हाती स्मृतीचा एक पत्ता असतो आणि त्या पत्त्यावर वस्तू अजूनही आहे, असा त्याचा भाबडा विश्वास असतो.

दोघांमधील पुलाला ‘पी-इन्व्होक’ म्हणतात. सी शार्पमध्ये फंक्शनची घोषणा करून तिच्यावर डीएलएल-इम्पोर्ट असा शिक्का मारला, फाइलचे नाव दिले की काम झाले. पहिल्या हाकेच्या वेळी रनटाइम ती फाइल शोधतो, आतील फंक्शनचा पत्ता काढतो आणि आकडे, अक्षरमाला, रचना यांचे एका बाजूच्या रूपातून दुसऱ्या बाजूच्या रूपात रूपांतर करतो. या रूपांतराला मार्शलिंग म्हणतात. येथे एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी लागते. सी पद्धतीने निर्यात केलेल्या फंक्शनचे केवळ नाव डीएलएलमध्ये नोंदलेले असते. ते किती व कोणत्या प्रकारची मूल्ये घेते, काय परत देते, याची नोंद तेथे नसते. आपण लिहिलेली घोषणा खरी की खोटी, हे पडताळणारे कोणीही नाही.

नावाच्या पातळीवरील चुका त्या मानाने सज्जन असतात, कारण त्या लगेच समोर येतात. ६४ बिट आज्ञावलीने ३२ बिट डीएलएल उचलू पाहिली तर बॅड-इमेज-फॉरमॅट असा अपवाद येतो. फाइल डोळ्यांसमोर असूनही ‘डीएलएल सापडली नाही’ असा संदेश आला, तर बहुतेक वेळा तीच फाइल ज्या दुसऱ्या डीएलएलवर विसंबून आहे ती गायब असते. फंक्शन सापडत नसेल तर सी प्लस प्लसच्या कंपायलरने नाव बदलले असण्याची शक्यता असते. डम्पबिन या साधनाने निर्यात झालेली नावे पाहिली की उलगडा होतो.

खरा धोका न कोसळणाऱ्या चुकांचा. विंडोजवर सी भाषेतील ‘लाँग’ ३२ बिटांचा असतो, तर सी शार्पमधील ‘लाँग’ ६४ बिटांचा. वजन परत देणाऱ्या फंक्शनच्या घोषणेत कोणी नामसाधर्म्याला भुलून लाँग लिहिला, तर ६४ बिट यंत्रावर काय घडते पाहा. गाडीचे वजन १८,४२० किलो असेल तर बहुधा १८,४२० हेच उत्तर मिळते. चाचणी उत्तीर्ण होते, बिल निघते. मग एखाद्या दिवशी रिकाम्या काट्याचे शून्य किंचित सरकते, डीएलएल उणे २० परत देते आणि पडद्यावर ४,२९,४९,६७,२७६ असा आकडा झळकतो. ऋण संख्येचे वरचे ३२ बिट शून्य राहिले, एवढाच तो दोष. हा आकडा निदान हास्यास्पद असल्याने पकडला जातो. सत्य-असत्याच्या बाबतीत तेवढी खात्री नसते. सी शार्पचा ‘बूल’ मार्शलिंगमध्ये आपणहून चार बाइटांचा धरला जातो, सी प्लस प्लसचा मात्र सहसा एका बाइटाचा असतो. उरलेल्या तीन बाइटांत जुना कचरा असेल, तर ‘वजन स्थिर नाही’ या उत्तराचे ‘स्थिर आहे’ होते आणि हलत्या काट्यावरच पावती छापली जाते. रचनांमध्ये घटकांमधील रिकाम्या बाइटांचाही हिशेब जुळावा लागतो. निर्मात्याने रचना एका बाइटाच्या मापात गच्च बसवली असेल आणि आपण पॅकचे मूल्य दिले नसेल, तर पहिल्या घटकानंतरचे सारे घटक भलत्याच जागेवरून वाचले जातात.

हाक मारण्याची पद्धत, म्हणजे कॉलिंग कन्व्हेन्शन, हा ३२ बिट जगातील जुना तंटा. स्टॅकवर ठेवलेली मूल्ये हाक मारणाऱ्याने आवरायची की हाक घेणाऱ्याने, एवढाच प्रश्न असतो. डॉट नेट विंडोजवर स्टँडर्ड कॉल गृहीत धरते, तर सी कंपायलर सामान्यतः सी-डेक्ल. फ्रेमवर्कच्या ३.५ पर्यंतच्या आवृत्त्या ही विसंगती बहुधा मुकाट्याने सावरून घेत. २०१० च्या चौथ्या आवृत्तीत ही सवलत संपली आणि वर्षानुवर्षे बिनबोभाट चाललेल्या आज्ञावल्या एकाएकी तक्रार करू लागल्या. ६४ बिट विंडोजवर एकच मुख्य पद्धत असल्याने हा वाद तेथे उद्भवत नाही.

सर्वात छळवादी दोष उलट हाकेत सापडतो. वजन स्थिरावले की डीएलएलने आपल्याला कळवावे, म्हणून सी शार्पमधील डेलिगेट तिच्या स्वाधीन करावे लागते. डीएलएलकडे जाते ते त्या डेलिगेटपाशी पोहोचवणाऱ्या छोट्याशा यंत्रसंकेताचा पत्ता. आता सी शार्पच्या बाजूला त्या डेलिगेटचा संदर्भ कोठेच जपलेला नसेल, तर गार्बेज कलेक्टरच्या दृष्टीने ते बेवारस ठरते. पहिल्या वीस-पंचवीस गाड्या सुरळीत जातात. मग केव्हातरी सफाई होते आणि पुढच्या गाडीचे वजन स्थिरावताच डीएलएल ओसाड पत्त्यावर उडी घेते. आज्ञावली कोसळते, फाटकाबाहेर रांग लागते. प्रोग्रामर डीबग बांधणीत तीच आज्ञावली चालवतो तेव्हा काहीच होत नाही, कारण डीबग बांधणीत स्थानिक चलांचे आयुष्य फंक्शन संपेपर्यंत वाढवलेले असते. ‘माझ्या यंत्रावर तर चालते’ हे वाक्य अशा वेळी अगदी प्रामाणिक असते. उपाय एका ओळीचा आहे: जोवर डीएलएल हाक मारू शकते, तोवर डेलिगेट वर्गाच्या एखाद्या कायम राहणाऱ्या घटकात धरून ठेवावे.

मात्र तो उपाय लागू पडतो हे कळावे कसे? संशय आल्यास उलट हाकेच्या आधी मुद्दाम गार्बेज कलेक्टरला बोलवावे. वीस गाड्यांनी येणारा अपघात पहिल्याच गाडीला येतो. जुन्या डॉट नेट फ्रेमवर्कमध्ये यासाठी ‘मॅनेज्ड डिबगिंग असिस्टंट’ नावाचे पहारेकरी होते. नव्या डॉट नेटमध्ये ते नाहीत. परंतु कचऱ्यात गेलेल्या डेलिगेटला हाक आल्यास रनटाइम तसे सांगूनच बंद पडू शकतो, हा मोठाच दिलासा.

व्हिज्युअल स्टुडिओचा डिबगर मॅनेज्ड प्रकल्पात साधारणपणे सीमेपाशीच थबकतो. प्रकल्पाच्या गुणधर्मांत नेटिव्ह कोडचे डिबगिंग सुरू केले की तो पलीकडे पाऊल टाकतो आणि कॉल स्टॅकमध्ये दोन्ही बाजूंची फंक्शने एकाखाली एक दिसतात. ६४ बिट आज्ञावल्यांसाठी ही मिश्र सोय व्हिज्युअल स्टुडिओ २०१० पासून मिळाली. पलीकडची नावे व ओळी दिसण्यासाठी मात्र निर्मात्याची पीडीबी फाइल हवी आणि ती नेमकी त्याच बांधणीची हवी. यंत्र विकत घेतानाच ती मागून घेणे शहाणपणाचे. नंतर पत्रव्यवहारात हंगाम निघून जातो.

ग्राहकाच्या जागी डिबगर लावता येत नसेल, तर कोसळलेल्या प्रक्रियेचा डम्प घेऊन तो विनडीबीजीमध्ये उघडावा. केवळ नेटिव्ह स्टॅक पाहिला तर मॅनेज्ड फंक्शनांच्या जागी निनावी पत्ते दिसू शकतात. एसओएस हा विस्तार जोडला की सीएलआर-स्टॅक ही आज्ञा त्यांची नावे उघड करते. दोन्ही याद्या शेजारी ठेवून वाचाव्यात. अपघात गार्बेज कलेक्टरच्या आत झालेला दिसला, तर कलेक्टरवर आळ घेण्याची घाई करू नये. ३२ अक्षरांच्या जागेत कोणा नेटिव्ह फंक्शनने २५६ अक्षरे कोंबली असतील, तर ती नासाडी पुढच्या सफाईच्या वेळी उघडकीस येते आणि प्रेत सापडते एकीकडे, घाव बसलेला असतो दुसरीकडे. अशा वेळी पेज हीप सुरू करून आज्ञावली पुन्हा चालवल्यास नेटिव्ह हीपमधील अतिक्रमण बहुधा जागच्या जागी पकडले जाते.

जावाच्या वाटेवरही याच खाचखळग्या आहेत. तेथील जेएनआय १९९७ च्या जेडीके १.१ पासून आहे; आज्ञावली सुरू करताना जेएनआय तपासणीचा पर्याय दिला तर अनेक गैरवापर तत्काळ कळतात, आणि कोसळल्यावर मागे राहणाऱ्या एचएस-एरर फाइलमध्ये अपघात कोणत्या लायब्ररीत झाला याची ओळ असते. मार्च २०२४ मधील जावा २२ मध्ये जेएनआयला पर्यायी अशी नवी जोडणी कायम झाली. डॉट नेटनेही २०२२ च्या सातव्या आवृत्तीत लायब्ररी-इम्पोर्ट आणले. त्यात रूपांतराचा कोड बांधणीच्या वेळीच सी शार्पमध्ये तयार होतो आणि डिबगरमध्ये ओळीओळीने पाहता येतो. घोषणेतील लाँग चुकीचा असेल, तर तो मात्र तेथेही तसाच उतरतो.